दाताच्या इम्प्लांटचा खर्च मेडिक्लेममधून कसा मागावा

दंतवैद्याने इम्प्लांटचे कोटेशन हातात ठेवले की घरोघर एकच प्रश्न निघतो : हे मेडिक्लेममध्ये बसेल का? दवाखान्याच्या काउंटरवर सांगतात की दातांचे काही बसत नाही. पॉलिसी विकणारा एजंट फोनवर म्हणतो की बिल पाठवून द्या, बघू. पहिल्या उत्तरामुळे ज्यांना पैसे मिळू शकले असते ते अर्जच करीत नाहीत, आणि दुसऱ्यामुळे ज्यांना मिळण्याची शक्यताच नव्हती ते सहा महिने कागद गोळा करीत बसतात. भारतातील आरोग्यविम्यात इम्प्लांटचे पैसे मिळणे तीन गोष्टींवर ठरते : दात कशामुळे गेला, उपचार कोणत्या जागी झाला आणि बिलावर तारीख कोणती आहे. या तिन्ही गोष्टी स्क्रू हाडात बसण्यापूर्वी तपासता येतात. तो बसल्यावर तपासून फारसा उपयोग नसतो, म्हणून पुढील सर्व कामे कोटेशन मिळाल्यापासून पहिल्या शस्त्रक्रियेपर्यंतच्या काळात उरकावीत.

बिल एक नसते

इम्प्लांट हा एक शब्द असला तरी त्यात तीन वस्तू असतात. हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, त्याच्यावर घट्ट करायचा जोडभाग म्हणजे अबटमेंट, आणि सर्वांत वर दिसणारी कॅप. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते हे स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकातील प्रयोगांत आढळले आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे रोपण केले. आजही या उपचाराचे वेळापत्रक त्याच गुणधर्मावर चालते. हाडाने स्क्रू धरून ठेवण्यास साधारण तीन ते सहा महिने लागतात, आणि कॅप बहुतेकदा त्यानंतरच बसते. जबड्याचे हाड झिजलेले असेल तर आधी हाडाची भर घालावी लागते, वरच्या दाढांच्या बाबतीत कधी सायनसचा, म्हणजे दाढांच्या वरच्या हाडातील पोकळीचा, तळ उचलावा लागतो, आणि या सर्वांच्या आधी सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन काढावा लागतो.

महाराष्ट्रातील शहरांत एका दाताचा एकूण खर्च सर्वसाधारणपणे २५,००० ते ६०,००० रुपयांच्या दरम्यान सांगितला जातो. स्वित्झर्लंड किंवा स्वीडनच्या कंपनीचा स्क्रू महाग पडतो, कोरियन आणि भारतीय त्याहून स्वस्त; हाडाची भर घालावी लागल्यास आकडा वर सरकतो. विम्याच्या दृष्टीने मात्र एकूण रकमेपेक्षा तिची विभागणी अधिक महत्त्वाची आहे, कारण स्कॅन, दात काढणे, स्क्रू, हाडाची भर आणि कॅप यांपैकी काही भाग पॉलिसीत बसतो आणि काही बसत नाही, असे अनेकदा घडते. म्हणून दंतवैद्याकडून कोटेशन घेताना प्रत्येक टप्पा वेगळ्या ओळीत, प्रत्येकाच्या अपेक्षित महिन्यासह, लेटरहेडवर लिहून मागावा. ‘इम्प्लांट पॅकेज, ४५,००० रुपये’ एवढीच ओळ असलेले कोटेशन विमा कंपनीसमोर जवळजवळ निरुपयोगी ठरते.

पॉलिसी कुठून वाचावी

बहुतेक लोक पॉलिसी उघडून थेट अपवादांच्या यादीत ‘दंत’ हा शब्द शोधतात. तो सापडतोही, परंतु खरा अडथळा त्याच्या बराच आधी, व्याख्यांच्या पानांवर असतो. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, काही शब्दांच्या व्याख्या सर्व कंपन्यांसाठी सारख्या ठरवून दिलेल्या आहेत आणि त्यांतील तीन व्याख्या इम्प्लांटचे भवितव्य ठरवतात.

पहिली व्याख्या रुग्णालयाची. नोंदणीकृत रुग्णालय, किंवा मग १० लाखांपेक्षा कमी लोकवस्तीच्या गावात किमान १० खाटा आणि अन्यत्र किमान १५ खाटा, चोवीस तास पात्र परिचारिका, पूर्णवेळ डॉक्टर आणि स्वतःचे शस्त्रक्रियागृह असलेली जागा, असे तिचे साधारण स्वरूप आहे. दोन खुर्च्यांचा, कितीही अद्ययावत असला तरी, दंतचिकित्सालय या व्याख्येत बसत नाही. दुसरी व्याख्या भरतीची : किमान २४ तास सलग आंतररुग्ण म्हणून राहणे. तिसरी डे-केअर उपचाराची, आणि इथेच अनेकांची गफलत होते. डे-केअर म्हणजे एका दिवसात होणारा कोणताही उपचार नव्हे. पूर्वी ज्यासाठी २४ तासांहून अधिक काळ भरती व्हावे लागले असते, परंतु तंत्रज्ञानाच्या प्रगतीमुळे आता लागत नाही, अशी भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया म्हणजे डे-केअर. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हे त्याचे नेहमीचे उदाहरण. जो उपचार सामान्यतः बाह्यरुग्ण विभागातच केला जातो तो या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे. रुग्णाला खुर्चीत बसवून, हिरडी बधिर करून हाडात घातलेला स्क्रू हा बाह्यरुग्ण उपचार होय, आणि कंपनीचा तपासनीस दावा नाकारताना बहुधा याच वाक्याचा आधार घेतो.

व्याख्यांनंतर आंतररुग्ण संरक्षणाचे कलम वाचावे. काही पॉलिसींत अपघातामुळे आवश्यक झालेला दंतोपचार तेवढा मान्य असतो, तर काहींत आजारामुळे झालेलाही. १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांकडे मिळणाऱ्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत आजार किंवा इजा यांमुळे आवश्यक झालेला दंतोपचार समाविष्ट असल्याचे लिहिलेले आहे, आणि हे वाक्य वाचून अनेक जण हुरळून जातात. परंतु ते वाक्य भरतीच्या खर्चाच्या शीर्षकाखाली येते, हे विसरता कामा नये. भरतीची अट पूर्ण झाल्याशिवाय ते लागू होत नाही, आणि झाल्यावरही मान्य रकमेतील ५ टक्के वाटा विमाधारकालाच उचलावा लागतो.

त्यानंतर सौंदर्योपचारांचा अपवाद पाहावा. चेहऱ्यामोहऱ्यात बदल करणारे उपचार वगळणारे हे प्रमाणित कलम सर्व पॉलिसींत सारखेच असते. मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्यातून मोकळी ठेवलेली आहे. समोरचे दात अपघातात गेले असतील आणि कंपनीने ‘हे सौंदर्यासाठी आहे’ असे कळवले, तर याच कलमातील सवलतीचे शब्द तिच्यासमोर ठेवावेत.

पॉलिसीचे इंग्रजी जड वाटत असल्यास ग्राहक माहिती पत्रक मागावे. प्रत्येक आरोग्य पॉलिसीबरोबर ते देणे कंपनीवर बंधनकारक आहे आणि ग्राहकाने इच्छा व्यक्त केल्यास ते स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, उपलब्ध करून द्यावे लागते. ते वाचून पॉलिसीचा आराखडा समजतो. वाद झाल्यास मात्र मूळ पॉलिसीतील शब्दच प्रमाण मानले जातात.

एवढे वाचल्यावर एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कीड लागून, रूट कॅनॉल फसून किंवा पायोरियाने हलून गेलेल्या दाताच्या जागी दवाखान्यात बसवलेल्या इम्प्लांटचे पैसे साध्या मेडिक्लेममधून मिळत नाहीत. अशा वेळी कंपनीशी भांडण्यात वर्ष घालवण्यापेक्षा पुढे दिलेल्या बाह्यरुग्ण संरक्षणाकडे आणि खर्च कमी करण्याच्या मार्गांकडे वळणे शहाणपणाचे आहे.

अपघातात दात गेला असेल तर

येथे विम्याचे पैसे मिळण्याची खरी शक्यता असते, आणि येथेच कागदपत्रांच्या हलगर्जीने ती सर्वाधिक वाया जाते. समजा, दुचाकी घसरून पडल्याने जबड्याला तडा गेला आणि वरचे पुढचे दोन दात तुटले. रुग्णालयात आणल्यावर सर्वांचे लक्ष डोक्याच्या माराकडे आणि जबड्याकडे असते, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे केसपेपरवर दातांचा उल्लेख राहून जातो. तीन महिन्यांनी इम्प्लांटचा दावा केल्यावर कंपनी विचारते की हे दात याच अपघातात तुटले कशावरून? म्हणून नातेवाईकांनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विनंती करून तुटलेल्या दातांची नोंद करून घ्यावी, शक्य तितक्या लवकर जबड्याचा ओपीजी एक्स-रे काढून घ्यावा, आणि वाहन अपघात असल्यास पोलिसांतील नोंदीची प्रत मिळवावी.

दातांची नोंद ‘पुढचे दोन दात’ अशी मोघम नसावी. दंतवैद्यकात प्रत्येक दाताला दोन अंकी क्रमांक असतो : वरचे मधले दोन दात ११ आणि २१, खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ ३६. केसपेपर, एक्स-रेचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड आणि पुढे येणारे प्रत्येक बिल यांवर हा क्रमांक सारखाच असला पाहिजे, कारण एका कागदावर ११ आणि दुसऱ्यावर १२ आले तर दावा अडवायला तेवढे पुरते.

भरतीची सूचना कंपनीला किंवा तिच्या टीपीएला तातडीच्या वेळी २४ तासांच्या आत आणि ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेच्या ४८ तास आधी द्यावी, अशी अट सर्वसाधारणपणे असते. टीपीए ही केवळ कागद हाताळणारी मध्यस्थ संस्था आहे, दावा नाकारण्याचा अधिकार तिला नाही. ‘टीपीएने नाही म्हटले’ असे कोणी सांगितल्यास कंपनीचा निर्णय लेखी मागावा.

आता तारखांचा प्रश्न. पॉलिसी भरतीच्या आधीचे आणि डिस्चार्जनंतरचे ठरावीक दिवसांचे खर्च मान्य करते. आरोग्य संजीवनीत हे दिवस अनुक्रमे ३० आणि ६० आहेत. अनेक महागड्या पॉलिसींत याहून अधिक असतात. परंतु हाडाने स्क्रू धरण्यास लागणारा काळ या मुदतीत मावत नाही, आणि म्हणून कॅपचे बिल बहुधा मुदतीबाहेर पडते. यावर तोडगा एकच आहे : डिस्चार्ज कार्डवर ‘दात क्रमांक ११ व २१ अपघातात गमावले असून त्या जागी इम्प्लांटचा सल्ला दिला आहे’ हे वाक्य येईल असे पाहावे, आणि मुदत संपण्यापूर्वी दंतवैद्याच्या टप्प्यांच्या वेळापत्रकासह कंपनीला ईमेल पाठवून पुढील टप्प्यांबाबत लेखी निर्णय मागावा. कंपनी होकार देईलच असे नाही. पण मुदतीत विचारणा केल्याचा पुरावा हाती राहतो. वैद्यकीयदृष्ट्या शक्य असल्यास स्क्रू बसवण्याचा टप्पा त्याच रुग्णालयात, जबड्याच्या शस्त्रक्रियेबरोबरच किंवा दुसऱ्या भरतीत करता येईल का, हे मुख-जबडा शल्यविशारदाला विचारावे. हा निर्णय मात्र जखमेची स्थिती पाहून डॉक्टरांनीच घ्यायचा आहे, विम्याची सोय पाहून रुग्णाने नव्हे.

ईमेलचा मजकूर साधा असावा. उदाहरणार्थ : ‘माझ्या पॉलिसीअन्वये अमुक तारखेच्या भरतीचा दावा आपल्याकडे नोंदलेला आहे. या अपघातात गमावलेल्या दात क्रमांक ११ व २१ च्या जागी इम्प्लांट करण्याचा सल्ला डिस्चार्ज कार्डवर नोंदलेला असून उपचाराचे टप्पे व प्रत्येकाचा अंदाजित खर्च सोबत जोडला आहे. यांपैकी कोणते टप्पे देय आहेत, कोणते नाहीत, आणि नसल्यास पॉलिसीतील कोणत्या कलमान्वये नाहीत, हे कृपया लेखी कळवावे.’ शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण नकारामागचे कलम समजल्याशिवाय पुढे दाद मागता येत नाही.

दुसऱ्याच्या वाहनाच्या चुकीने दात गेला असेल तर आणखी एक दरवाजा उघडा असतो, जो बहुतेकांना आठवतच नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे त्या वाहनाच्या विमा कंपनीकडून भरपाई मागताना झालेल्या खर्चाबरोबर भविष्यातील वैद्यकीय खर्चही मागता येतो, आणि तेथे भरतीची, खाटांची किंवा ६० दिवसांची अट नसते. त्यासाठी दंतवैद्याचे सविस्तर अंदाजपत्रक आणि प्रमाणपत्र लागते, गरज पडल्यास त्यांची साक्षही. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार हा अर्ज अपघातापासून ६ महिन्यांच्या आत करण्याची तरतूद आहे, तेव्हा वकिलाकडे जाण्यास कॅप बसेपर्यंत थांबू नये. आपल्याच गाडीच्या पॉलिसीतील १५ लाख रुपयांच्या सक्तीच्या वैयक्तिक अपघात विम्यावर मात्र आशा ठेवू नये. तो मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांसाठी आहे, दातांसाठी नाही.

तंबाखूमुळे होणाऱ्या मुखकर्करोगानंतर जबड्याचा भाग काढावा लागलेल्या रुग्णांनाही हेच तारखांचे गणित लागू होते. तेथे इम्प्लांट हा पुनर्रचनेचा भाग असल्याचे कर्करोग शल्यविशारदाने लिहून देणे आवश्यक असते. अशा कुटुंबाकडे गंभीर आजारांची एकरकमी लाभ देणारी पॉलिसी असल्यास तिचे पैसे निदानाच्या आधारावर मिळतात आणि ते कशावर खर्च केले याची बिले कोणी मागत नाही, म्हणून कपाटातील जुने कागद एकदा अवश्य चाळावेत.

बाह्यरुग्ण संरक्षण आणि कंपनीचा समूह विमा

कीड किंवा हिरड्यांच्या आजाराने दात गमावलेल्यांसाठी विम्याचा जो काही मार्ग उरतो तो ओपीडी संरक्षणाचा, म्हणजे भरती न होता घेतलेल्या उपचारांच्या विम्याचा. ते मूळ पॉलिसीला जोडून घेता येते किंवा नोकरीच्या ठिकाणच्या समूह विम्यात असते. ते घेताना जाहिरातीतील ‘डेंटल’ या शब्दावर थांबू नये. बहुतेक वेळा त्यात तपासणी, दात काढणे, दात भरणे आणि रूट कॅनॉल बसते, परंतु इम्प्लांट, कवळी आणि दात सरळ करण्याच्या तारा वगळलेल्या असतात. विक्रेत्याला ‘दातांचे आहे का’ असे न विचारता ‘इम्प्लांटचा स्क्रू आणि त्यावरची कॅप देय आहे का, किती रुपयांपर्यंत, आणि किती महिन्यांनंतर’ असे विचारावे व उत्तर ईमेलवर घ्यावे.

मग वहीत साधा हिशेब मांडावा. समजा, जोडसंरक्षणाचा वार्षिक हप्ता ६,००० रुपये आहे, दंतोपचाराची मर्यादा १०,००० रुपये आहे आणि पहिले वर्ष प्रतीक्षा कालावधीत, म्हणजे दावा करता येत नाही अशा मुदतीत, जाते. दोन वर्षांत १२,००० भरून १०,००० परत मिळणार असतील तर तो विमा नव्हे, तोट्यातील भिशी झाली. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला असल्याने हप्ता काहीसा हलका झाला आहे, पण या गणिताचा कल त्यामुळे सहसा बदलत नाही. शिवाय आधीच पडलेल्या दातासाठी आज पॉलिसी घेऊन उद्या दावा करता येत नाही. पूर्वीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३६ महिन्यांपर्यंतचा प्रतीक्षा कालावधी कंपनी लावू शकते, आणि प्रस्तावात तो आजार लपवल्यास पुढे मोठ्या आजाराचा दावाही अडचणीत येतो.

समूह विम्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यात पूर्वीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षा कालावधी बहुधा माफ केलेला असतो, आणि काही आस्थापना ओपीडीची ठरावीक रक्कम दरवर्षी देतात. एचआर विभागाकडून लाभांची पुस्तिका मागून पॉलिसीचे वर्ष कोणत्या तारखेला बदलते ते पाहावे. इम्प्लांटचे टप्पे मुळातच काही महिन्यांच्या अंतराने होत असल्याने स्क्रू एका पॉलिसी वर्षात आणि कॅप पुढच्या वर्षात येऊ शकते, आणि तसे झाल्यास दोन्ही वर्षांच्या मर्यादा वापरता येतात. यात लबाडी काही नाही, फक्त बिले त्या त्या टप्प्याच्या खऱ्या तारखेची असली पाहिजेत. पती आणि पत्नी दोघांच्याही नोकरीत विमा असेल तर एका कंपनीने दिलेल्या रकमेचे पत्रक जोडून उरलेली रक्कम दुसरीकडे मागता येते.

बिल आणि त्याच्या सोबतचे कागद

प्रत्येक टप्प्याची स्वतंत्र, क्रमांकित पावती घ्यावी. तिच्यावर दंतवैद्याचा राज्य दंत परिषदेतील नोंदणी क्रमांक, दाताचा क्रमांक, उपचाराचे नाव आणि तारीख असावी. कोटेशन किंवा अंदाजपत्रक ही पावती नव्हे. स्क्रूच्या डबीवर कंपनीचे नाव, माप आणि लॉट क्रमांक छापलेले चिकटपत्र असते. हृदयातील स्टेंट किंवा डोळ्यातील भिंगाच्या दाव्यात जसे चिकटपत्र मागतात तसेच ते येथेही मागितले जाते, म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशीच त्याची एक प्रत दाव्यासाठी आणि एक स्वतःसाठी मागून घ्यावी. आधीचा आणि नंतरचा एक्स-रे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि पैसे दिल्याचा बँकेतील पुरावा जोडावा. रोखीने पैसे दिल्यास थोडी सूट मिळते हे खरे, पण मग दाव्याचाही पाया ढासळतो आणि करसवलतीचाही. मूळ कागद पाठवण्यापूर्वी प्रत्येक पानाचा स्कॅन ठेवावा.

‘एक दिवस भरती दाखवतो, मग बसेल’ अशी ऑफर एखाद्या ठिकाणी मिळते. ती स्वीकारू नये. खोटी भरती सिद्ध झाल्यास तो दावा तर जातोच, पण पॉलिसीच रद्द होऊ शकते, आणि साठीला आलेल्या माणसाला नवी पॉलिसी मिळणे किती अवघड असते हे ज्यांनी शोधले आहे त्यांनाच ठाऊक.

नकार आल्यावर

नकाराचे पत्र प्रथम शांतपणे वाचावे. दावा फेटाळताना पॉलिसीतील नेमक्या कलमाचा आधार कंपनीने दिला पाहिजे. दिलेले कलम खरोखर लागू होत असेल तर तेथेच थांबावे. लागू होत नाही असे वाटत असेल, विशेषतः अपघात आणि भरती दोन्ही असताना, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ या पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही ती नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे ऐकले जातात, आणि कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रासाठी मुंबई, ठाणे आणि पुणे येथे लोकपाल कार्यालये आहेत. गोव्यातील विमाधारकांची प्रकरणे पुण्याकडे येतात. सुनावणीत लांबलचक कैफियतीपेक्षा तारखांचा एक पानी तक्ता अधिक उपयोगी पडतो : अपघात, भरती, डिस्चार्ज, ईमेल, स्क्रू, कॅप, नकार. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही दोन वर्षांपर्यंत उपलब्ध असतो, मात्र तेथे वेळ अधिक जातो, आणि एका दाताच्या रकमेसाठी आधी लोकपालाकडेच जावे असे माझे मत आहे.

विमा काहीच देत नसेल तेव्हा

घरातील ज्येष्ठ नागरिकाच्या नावे कोणताही आरोग्यविमा नसेल, तर त्याच्यावर केलेल्या वैद्यकीय खर्चाची वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, जी १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ८०-डी या नावाने ओळखली जाते. आईवडिलांसाठी मुलाने खर्च केला असेल तर ती मुलाला घेता येते. अट अशी की करदात्याने जुनी करप्रणाली निवडलेली असावी आणि पैसे रोखीने दिलेले नसावेत.

खर्चच कमी करायचा असेल तर दंत महाविद्यालयांची रुग्णालये पाहावीत. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे अध्यापकांच्या देखरेखीखाली पदव्युत्तर विद्यार्थी उपचार करतात आणि खर्च खासगी दवाखान्याहून बराच कमी येतो. हेलपाटे मात्र वाढतात, हे धरून चालावे. एकच दात असेल आणि शेजारच्या दातांवर आधीच कॅप असतील तर इम्प्लांटऐवजी ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात, चालेल का, हेही तेथे निःसंकोच विचारता येते.

अमेरिकेत राहणारे अनेक मराठी लोक सुट्टीत पुण्याला किंवा गोव्याला येऊन इम्प्लांट करून घेतात. तिकडच्या दंतविम्याची वार्षिक मर्यादा बहुधा एक ते दोन हजार डॉलरच्या आसपास असते. परदेशातील दंतवैद्याचे बिल ती योजना स्वीकारते का, हे निघण्यापूर्वी लेखी विचारावे आणि येथील दवाखान्याकडून बिल इंग्रजीत, टप्प्यांसह घ्यावे. आरोग्य बचत खात्यातील म्हणजे एचएसएतील पैसे मात्र परदेशातील दंतोपचारासाठीही वापरता येतात. अडचण वेगळीच असते : तीन आठवड्यांच्या रजेत स्क्रू बसतो, कॅप बसत नाही, आणि दुसऱ्या विमानप्रवासाचे तिकीट कोणताच दंतविमा देत नाही.

दवाखान्यातच मिळणाऱ्या ‘नो-कॉस्ट ईएमआय’विषयी थोडी सावधगिरी बाळगावी. व्याज नाही असे म्हटले तरी प्रक्रिया शुल्क असते, आणि रोख किमतीत मिळू शकणारी सूट त्या योजनेत अनेकदा नाहीशी होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्या संस्थेने सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखवणारे मुख्य तथ्यांचे निवेदन देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ते वाचूनच सही करावी. कर्जाची पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी दवाखान्याला मिळते, कॅप मात्र पाच महिन्यांनी बसायची असते, आणि मध्येच डॉक्टर बदलले किंवा दवाखाना हलला तरी हप्ते थांबत नाहीत. म्हणून शक्य असल्यास स्क्रूचे पैसे स्क्रू बसल्यावर, कॅपचे कॅप बसल्यावर असेच ठरवावे, आणि हाडाने स्क्रू धरला नाही तर दुसरा कोणाच्या खर्चाने बसेल ते कोटेशनच्याच कागदावर लिहून घ्यावे.